विश्लेषण : विरोधी पक्षनेत्याची खुर्ची रिकामी राहिली, तर मंत्र्यांना जाब कोण विचारणार?

लोकसभेला तब्बल दहा वर्षांनी, जून २०२४ मध्ये, विरोधी पक्षनेता मिळाला. त्यानंतर पाच महिन्यांनी महाराष्ट्रात विधानसभेची निवडणूक झाली आणि इथे नेमके उलटे घडले. विधानसभेची २०२५ मधील तिन्ही अधिवेशने विरोधी पक्षनेत्याविना पार पडली. ऑगस्ट २०२५ मध्ये अंबादास दानवे यांची मुदत संपल्यावर विधान परिषदेतील पदही रिकामे झाले. त्यामुळे डिसेंबरमधील नागपूर अधिवेशनात दोन्ही सभागृहांत ही खुर्ची रिकामीच होती. सरकारी गाडी, बंगला आणि कॅबिनेट मंत्र्याचा दर्जा एवढ्यापुरतेच हे पद आहे का? मंत्र्याला प्रश्न तर कोणताही आमदार-खासदार विचारू शकतो. मग या खुर्चीने नेमका काय फरक पडतो?

प्रश्नोत्तराच्या तासात मंत्री कुठे अडकतो?

लोकसभेचे कामकाज सकाळी ११ वाजता सुरू होते आणि पहिला तास प्रश्नांचा असतो. राज्यसभेत हा तास दुपारी १२ ला सुरू होतो. प्रश्नासाठी साधारण १५ दिवस आधी सूचना द्यावी लागते. कोणाचा प्रश्न यादीत वर येणार, हे सोडतीने ठरते. लोकसभेत एका दिवशी २० तारांकित प्रश्न लागतात, त्यांची उत्तरे मंत्र्याने उभे राहून द्यायची असतात. याशिवाय २३० अतारांकित प्रश्नांची लेखी उत्तरे पटलावर ठेवली जातात.

तारांकित प्रश्नाचे छापील उत्तर अधिकारी तयार करतात. ते अनेकदा ‘होय’, ‘नाही’ किंवा ‘अंशतः खरे आहे’ एवढ्यावरच थांबते. विधिमंडळाचे वृत्तांकन वाचणाऱ्यांना ही भाषा ओळखीची आहे. मंत्र्याची परीक्षा सुरू होते ती त्यानंतरच्या उपप्रश्नाला, कारण तो आधी लिहून दिलेला नसतो. खात्याची माहिती मंत्र्याला खरोखर आहे की नाही, हे तिथे उघडे पडते. उत्तर समाधानकारक नसेल, तर अध्यक्ष प्रश्न राखून ठेवू शकतात किंवा अर्ध्या तासाच्या चर्चेला परवानगी देऊ शकतात.

मंत्र्याने ‘माहिती घेऊन सभागृहाला सांगतो’ म्हटले, तरी ते वाक्य नोंदवले जाते. लोकसभेत अशा वाक्याला ‘आश्वासन’ मानतात आणि ते तीन महिन्यांत पूर्ण करणे अपेक्षित असते. ते झाले की नाही, हे पाहायला स्वतंत्र आश्वासन समिती आहे. जाणीवपूर्वक चुकीची माहिती दिली असेल, तर हक्कभंगाचा मार्ग आहेच.

केवळ प्रश्नांमुळे मंत्र्याला घरी जावे लागले आहे का?

याचे सर्वात गाजलेले उदाहरण १९५७ चे आहे. नव्याने स्थापन झालेल्या आयुर्विमा महामंडळाने हरिदास मुंदडा यांच्या सहा कंपन्यांचे सुमारे एक कोटी २४ लाख रुपयांचे शेअर खरेदी केले होते. या व्यवहारावर लोकसभेत राम सुभग सिंह आणि फिरोज गांधी यांनी प्रश्न विचारले. सरकारची उत्तरे मोघम होती. मग डिसेंबर १९५७ मध्ये फिरोज गांधी यांनी थेट चर्चा घडवून आणली. लोकांच्या विम्याच्या पैशातून या शेअरांना चढा भाव का दिला गेला, हा त्यांचा मुद्दा होता.

सरकारला चौकशी नेमावी लागली. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांनी ती मुंबईत आणि खुल्या पद्धतीने घेतली. गर्दी एवढी होती की बाहेर ध्वनिक्षेपक लावावे लागले. सचिवाने केलेल्या कामाची जबाबदारी मंत्र्याला झटकता येणार नाही, असा निष्कर्ष त्यांनी काढला. फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांनी राजीनामा दिला.

या प्रकरणात दोन गोष्टी लक्षात घेण्यासारख्या आहेत. प्रश्न विचारणारे दोघेही सत्ताधारी काँग्रेसचे खासदार होते आणि त्या वेळी लोकसभेत अधिकृत विरोधी पक्षनेताच नव्हता. म्हणजेच खुर्ची नसली तरी जाब विचारता येतो. मात्र त्यासाठी स्वपक्षाच्या मंत्र्याविरुद्ध उभे राहण्याची तयारी असलेले सदस्य लागतात. पक्षांतरबंदी कायदा आणि पक्षादेशाच्या आजच्या काळात असे सदस्य क्वचित दिसतात. त्यामुळे ही जबाबदारी जवळपास पूर्णपणे विरोधी बाकांवर येऊन पडली आहे.

मग विरोधी पक्षनेत्याचे वेगळेपण कशात?

साध्या सदस्याचा प्रश्न सोडतीत निघाला नाही, तर तो तिथेच संपतो. विरोधी पक्षनेता मात्र एखादा विषय लावून धरू शकतो. तो बोलायला उभा राहिला की अध्यक्षांनी त्याला संधी द्यावी, असा संकेत आहे. अर्थसंकल्प, राज्यपालांचे अभिभाषण किंवा अविश्वास ठराव अशा मोठ्या चर्चांत त्याला पुरेसा वेळ मिळतो. महाराष्ट्रात अधिवेशनाच्या शेवटी विरोधकांकडून मांडला जाणारा ‘अंतिम आठवडा प्रस्ताव’ म्हणजे सरकारच्या कारभाराचा हिशेबच असतो. त्याचे नेतृत्व परंपरेने विरोधी पक्षनेता करतो.

दुसरा फायदा माहितीचा. सरकारी यंत्रणेतील नाराज अधिकारी, फसवणूक झालेले नागरिक, संघटना हे सगळे कागद घेऊन कुठे जातात? बहुतेक वेळा विरोधी पक्षनेत्याच्या कार्यालयात. गोपीनाथ मुंडे यांनी १९९१ ते १९९५ या काळात विधानसभेत केलेली भाषणे त्यामुळेच गाजली. अलीकडचे उदाहरण मार्च २०२१ चे. तेव्हाचे विरोधी पक्षनेते देवेंद्र फडणवीस यांनी ठाण्यातील एका व्यापाऱ्याच्या मृत्यूचे प्रकरण विधानसभेत मांडले आणि फोन कॉलच्या नोंदींचा तपशील वाचून दाखवला. त्यानंतर तत्कालीन गृहमंत्री अनिल देशमुख यांना संबंधित पोलीस अधिकाऱ्याला गुन्हे शाखेतून हलवत असल्याचे विधिमंडळात जाहीर करावे लागले. फडणवीस आज मुख्यमंत्री आहेत. या खुर्चीवरून काय करता येते, हे सत्ताधारी बाकांवर त्यांच्याइतके कोणालाच ठाऊक नसेल.

तिसरा फायदा सभागृहाबाहेरचा आहे आणि त्याची चर्चा सर्वात कमी होते.

सभागृहाबाहेर या पदाचे वजन किती?

मंत्र्यांवर आणि प्रशासनावर लक्ष ठेवणाऱ्या संस्थांचे प्रमुख निवडताना कायद्याने विरोधी पक्षनेत्याला समितीत स्थान दिले आहे. केंद्रीय दक्षता आयुक्त, सीबीआयचे संचालक, मुख्य माहिती आयुक्त, लोकपाल, मानवी हक्क आयोगाचे अध्यक्ष आणि २०२३ च्या कायद्यानंतर मुख्य निवडणूक आयुक्त अशी ही यादी आहे.

अशा समित्यांत बहुमत बहुतेकदा सरकारचेच असते. मग एकट्याच्या विरोधाने काय होणार, असे वाटू शकते. सप्टेंबर २०१० मध्ये नेमके तेच घडले होते. केंद्रीय दक्षता आयुक्तपदासाठी पी. जे. थॉमस यांचे नाव आले. केरळमधील पामतेल आयात प्रकरणात त्यांच्यावर आरोपपत्र होते. समितीत पंतप्रधान मनमोहन सिंग, गृहमंत्री पी. चिदंबरम आणि लोकसभेतील विरोधी पक्षनेत्या सुषमा स्वराज होत्या. स्वराज यांनी लेखी असहमती नोंदवली. निर्णय दोन विरुद्ध एक असा झाला आणि थॉमस यांची नेमणूक झाली.

प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. मार्च २०११ मध्ये न्यायालयाने ती नेमणूक रद्द केली. एखाद्या सदस्याने असहमती नोंदवली तर त्याने कारणे द्यावीत आणि ती असहमती बाजूला सारायची असेल तर बहुमताच्या बाजूनेही कारणे द्यावीत, असे न्यायालयाने सांगितले. मतदानात हरलेली असहमती शेवटी कागदावर टिकली, ती अशी.

१० टक्के सदस्यांची अट आली कुठून?

‘विरोधी पक्षनेत्यासाठी एकूण जागांच्या १० टक्के सदस्य लागतात’ हे वाक्य नेहमी ऐकू येते. संसदेतील विरोधी पक्षनेत्यांच्या वेतन व भत्त्यांच्या १९७७ च्या कायद्यात मात्र अशी अट नाही. विरोधात असलेल्या पक्षांपैकी सर्वाधिक सदस्यसंख्या असलेल्या आणि अध्यक्ष किंवा सभापतींनी मान्यता दिलेल्या पक्षाचा सभागृहातील नेता, अशी त्यातील व्याख्या आहे. महाराष्ट्राच्या १९७८ च्या कायद्याचा गाभाही हाच आहे.

१० टक्क्यांचा धागा जातो पहिले लोकसभा अध्यक्ष ग. वा. मावळणकर यांच्यापर्यंत. सभागृह चालवण्यासाठी किमान एक दशांश सदस्यांची गणपूर्ती लागते. सभागृहात ‘पक्ष’ म्हणून मान्यता मिळण्यासाठी निदान तेवढे संख्याबळ असावे, असे त्यांनी ठरवले. पुढे ते अध्यक्षांच्या निर्देशांत आले. हा निकष पक्षाला बसण्याची जागा, वेळ आणि खोल्या देण्यासाठी होता. कालांतराने तो विरोधी पक्षनेतेपदालाही लावला जाऊ लागला.

परिणामी लोकसभेची ही खुर्ची अनेकदा रिकामी राहिली. पहिले मान्यताप्राप्त विरोधी पक्षनेते मिळाले थेट १९६९ मध्ये, काँग्रेस फुटल्यानंतर. ते होते मुंदडा प्रकरणात प्रश्न विचारणारे राम सुभग सिंह. १९७७ च्या कायद्याने पदाला वैधानिक दर्जा मिळाला, तेव्हा त्या खुर्चीवर यशवंतराव चव्हाण होते. १९८० आणि १९८४ च्या लोकसभांत काँग्रेस सत्तेत असताना हे पद कोणालाच मिळाले नाही. १९८४ मध्ये तेलुगू देसम ३० जागांसह सर्वात मोठा विरोधी पक्ष होता, तरीही. २०१४ मध्ये पारडे फिरले. काँग्रेसला ४४ जागा मिळाल्या. तत्कालीन अध्यक्ष सुमित्रा महाजन यांनी महान्यायवादींचे मत घेऊन मागणी नाकारली. २०१९ मध्ये ५२ जागा मिळालेली काँग्रेस ५५ च्या आकड्यापासून तीन जागांनी दूर राहिली. २०२४ मध्ये ९९ जागांनंतर राहुल गांधी विरोधी पक्षनेते झाले. म्हणजे या निकषाचा फायदा ज्याच्या हाती सत्ता असेल, त्याने घेतला आहे.

महाराष्ट्रात आधी काय घडले आहे?

विधानसभेत २८८ सदस्य आहेत, म्हणजे १० टक्क्यांचा आकडा २९ होतो. २०२४ मध्ये महायुतीच्या तीन मुख्य पक्षांना २३० जागा मिळाल्या. शिवसेना (उद्धव ठाकरे) २०, काँग्रेस १६ आणि राष्ट्रवादी (शरद पवार) १० अशी विरोधकांची स्थिती राहिली. तिघांची बेरीज ४६ होते, पण एकही पक्ष २९ ला पोहोचत नाही. ठाकरे गटाने मार्च २०२५ मध्ये भास्कर जाधव यांचे नाव विधानसभा अध्यक्ष राहुल नार्वेकर यांना दिले. निर्णय अध्यक्षांचा असतो आणि तो किती दिवसांत घ्यावा, याची मुदत कायद्यात नाही.

मात्र याच विधानसभेचा इतिहास वेगळे सांगतो. १९६२ च्या निवडणुकीत २६४ पैकी २१५ जागा काँग्रेसने जिंकल्या. शेतकरी कामगार पक्षाला १५ मिळाल्या, म्हणजे सहा टक्क्यांहूनही कमी. तरीही शेकापचे कृष्णराव धुळप विरोधी पक्षनेते झाले. १९७२ मध्ये तर २७० च्या सभागृहात शेकापचे अवघे सात आमदार होते आणि दि. बा. पाटील विरोधी पक्षनेते होते. नवी मुंबई विमानतळाला ज्यांचे नाव द्यावे म्हणून भूमिपुत्र रस्त्यावर उतरले, तेच हे दि. बा. तेव्हा वेतनाचा स्वतंत्र कायदा नव्हता, असा युक्तिवाद यावर करता येतो. पण कायदा असतानाचेही उदाहरण आहे. दिल्लीत २०१५ मध्ये आम आदमी पक्षाने ७० पैकी ६७ जागा जिंकल्या, भाजपचे तीनच आमदार होते. तरी भाजपचे विजेंदर गुप्ता यांना विरोधी पक्षनेतेपद देण्यात आले.

खुर्ची रिकामी राहिल्याने प्रत्यक्षात काय अडते?

रोजचे कामकाज अडत नाही. प्रश्न लागतात, लक्षवेधी सूचना येतात, गटनेते बोलतात. लोकसभाही २०१४ ते २०२४ चालूच होती. ‘मग अडले कुठे?’ हा सत्ताधाऱ्यांचा प्रश्न त्यामुळे अगदीच निराधार नाही.

अडते ते नेमणुकांच्या टेबलावर. माहिती अधिकार कायदा बनवणाऱ्यांनी ही शक्यता आधीच ओळखली होती. विरोधी पक्षनेता नसेल, तर सर्वात मोठ्या विरोधी गटाच्या नेत्याला समितीत घ्यावे, असे त्या कायद्यातच लिहिले आहे. राज्य माहिती आयुक्तांच्या निवडीलाही ते लागू होते. केंद्रीय दक्षता आयोगाच्या कायद्यातही अशीच सोय आहे. लोकपाल कायद्यात मात्र ती नव्हती. २०१४ च्या सुरुवातीला अस्तित्वात आलेल्या या कायद्यानुसार पहिला लोकपाल नेमला गेला मार्च २०१९ मध्ये. या पाच वर्षांच्या विलंबाचे सरकारने दिलेले एक कारण होते, लोकसभेत विरोधी पक्षनेताच नाही. तेवढ्यासाठी नेमणूक थांबवण्याची गरज नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये बजावले. पुढे मल्लिकार्जुन खरगे यांना ‘विशेष निमंत्रित’ म्हणून बोलावले गेले. मत नोंदवण्याचा अधिकार नसलेले निमंत्रण म्हणून त्यांनी ते नाकारले.

ज्या लोकपालाकडे मंत्र्यांविरुद्धच्या भ्रष्टाचाराच्या तक्रारी जायच्या, ते पदच एका रिकाम्या खुर्चीचे कारण देत वर्षानुवर्षे भरले गेले नाही.

खुर्ची मिळाली म्हणजे जाब विचारला जातोच का?

नाही. विरोधी पक्षनेत्याच्याही मर्यादा आहेत. लोकसभेच्या नियम ३५३ नुसार एखाद्या व्यक्तीवर बदनामीकारक आरोप करायचा असेल, तर अध्यक्षांना आणि संबंधित मंत्र्याला पूर्वसूचना द्यावी लागते. अध्यक्षांना अयोग्य वाटलेले शब्द कामकाजातून वगळता येतात. जुलै २०२४ मध्ये विरोधी पक्षनेता म्हणून राहुल गांधी यांनी केलेल्या पहिल्याच मोठ्या भाषणातील काही भाग असा वगळला गेला.

सरकारकडेही टाळण्याचे मार्ग आहेत. करोनाकाळात सप्टेंबर २०२० च्या अधिवेशनात प्रश्नोत्तराचा तासच झाला नाही, फक्त लेखी उत्तरे मिळाली. डिसेंबर २०२३ मध्ये संसदेतील घुसखोरीवर गृहमंत्र्यांनी निवेदन करावे, ही मागणी लावून धरणाऱ्या विरोधकांपैकी दोन्ही सभागृहांतील मिळून १४६ खासदार निलंबित झाले.

पण चूक विरोधकांचीही असते. प्रश्नोत्तराचा तास गदारोळात वाहून गेला, की सुटका मंत्र्याचीच होते. लेखी उत्तर पटलावर जाते आणि उपप्रश्न विचारायचा राहून जातो. फलक फडकावण्याची दृश्ये रात्रीच्या बातम्यांत दिसतात, पण त्या दिवशी ज्या खात्याची पाळी होती, त्याचा मंत्री निवांत घरी जातो.

इतर देशांत काय पद्धत आहे?

आपण ही पद्धत जिथून घेतली, त्या ब्रिटनमध्ये विरोधी पक्षनेत्याला १९३७ पासून सरकारी वेतन मिळते. दर बुधवारी दुपारी १२ वाजता अर्धा तास पंतप्रधानांना प्रश्न विचारले जातात. त्यातील सहा प्रश्न विरोधी पक्षनेत्याचे असतात आणि ते सलग विचारता येत असल्याने एकाच मुद्द्यावर पंतप्रधानांना घेरता येते. शिवाय प्रत्येक खात्याच्या मंत्र्यासमोर विरोधकांचा ‘छाया मंत्री’ असतो. महाराष्ट्रात मनसेने मार्च २०२० मध्ये असे ‘शॅडो कॅबिनेट’ जाहीर केले होते. पण विधानसभेत पक्षाचा एकच आमदार असल्याने ते सभागृहात दिसणे शक्यच नव्हते. भारतात पंतप्रधान किंवा मुख्यमंत्र्यांना विरोधी पक्षनेत्याने दर आठवड्याला थेट प्रश्न विचारण्याची तरतूद नाही.

मार्ग काय?

मार्ग अवघड नाही. कायद्यात ‘सर्वाधिक सदस्यसंख्येचा विरोधी पक्ष’ असे लिहिलेलेच आहे. त्याचा तसाच अर्थ लावला, तर १० टक्क्यांचा वाद उरत नाही. किंवा निवडणूकपूर्व आघाडीला एक गट मानता येईल. निर्णयासाठी मुदत घालून देणेही शक्य आहे. यातील कशासाठीच घटनादुरुस्ती लागत नाही, लागते ती सत्ताधाऱ्यांची इच्छा. आणि आज सत्तेत असलेला प्रत्येक पक्ष कधी ना कधी विरोधी बाकांवर बसलेला आहे.

वाचकांसाठीही एक गोष्ट हाताशी आहे. लोकसभा आणि राज्यसभेतील प्रश्नोत्तरे संसदेच्या संकेतस्थळावर सर्वांसाठी खुली आहेत. तुमच्या खासदाराने मागच्या अधिवेशनात काय विचारले आणि मंत्र्याने काय उत्तर दिले, हे मोबाइलवर पाहायला पाच मिनिटे पुरतात. मंत्र्याने ‘माहिती घेऊन सांगतो’ असे म्हटले असेल, तर त्या दिवसापासून तीन महिने मोजायला सुरुवात करायची.